हात न लावलेला केक

माय, काल नातीच्या वाढदिवसाला घरात जे झालं ते तुला सोडून कुणाला सांगावं ते मला कळत नाही. सुनेला सांगितलं तर ती हळहळेल, आणि मला हळहळ नको आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. काल तोच आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडला. तेव्हापासून मी सुन्न आहे.

दरवर्षी केक तुझे जावई आणायचे. इथं मन्नाएखेळ्ळीला हायवेवर बेकरी आहे, तिथून खोका दोन्ही हातांत धरून, पाणी भरलेली घागर आणावी तसे चालत यायचे. आता ते नाहीत. म्हणून पोरगी म्हणाली, "आज्जी, औंदा घरीच कर की. मोबाइलमदी कुकरात करायल्यात." मला बरं वाटलं. कुकरची शिट्टी आणि रबर काढलं, तळाला मीठ पसरलं, वर ताटली ठेवली. मैदा, साखर, दही, सगळं तिनं वाचून सांगितलं तसं घेतलं. फक्त खायचा सोडा संपला होता. डब्यात पापडखार होता. मी म्हटलं, ह्यानं पापड फुलतो, तर केक का नाही फुलणार? चमचाभर टाकला.

झाकण काढलं तर मधोमध खड्डा, रंग हळदीसारखा, आणि घरभर साबणाचा वास. पोरीचा चेहरा उतरला. मी भांडं खरवडता खरवडता सहज म्हणाले, "जाऊ दे गं, माझा हातच लावायला नको होता."

"कामून? हाताला काय झालंय?"

"आजोबा न्हाईत ना आता."

एवढंच. दूध उतू गेलं म्हणावं तसं म्हणाले आणि भांड्यात पाणी ओतलं.

माय, मी वाचणारी बाई आहे. शाळा मधेच सुटल्यावर किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी शिकले, पुढं मिळेल ते पुस्तक वाचलं. बाईनं नवऱ्यामागं कसं जगावं यावर लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वाचलंय आणि मान डोलावलीय. हे गेले तेव्हा मी बांगड्या फोडू दिल्या नाहीत. मला वाटलं होतं, ते सगळं माझ्या अंगातून निघून गेलं. मग हे कुठं बसलं होतं?

कुठं ते मला माहीत आहे. निंबर्ग्याच्या घरात, तुझ्या चुलीपाशी. माझ्या लग्नाच्या करंज्या. बाबा तेव्हा नव्हते. तू एकटीनं सारण भाजलंस, पीठ तिंबलंस, दिवसभर करंज्या भरल्यास. तेल तापलं आहे, धूर निघायला लागला आहे, आणि तू कढईपासून मागं सरकून शेजारणीला हाका मारतेस. "ये गं बाई, पहिली करंजी तू सोड. माझा हात नको." ती शेजारीण रोज नवऱ्याचा मार खायची. तिच्या ओठाला अजून सूज होती. पण नवरा जिवंत होता, म्हणून पहिली करंजी तिची. ती येईपर्यंत तेल जळालं. करंजी काळी झाली, तरी तिला कुणी काही म्हणालं नाही. मी बघत होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तू मला ते कधी शिकवलं नाहीस गं. फक्त दर सणाला म्हणत राहिलीस.

संध्याकाळी सून दुकानातून आली. तिनं फेकायच्या केकचा तुकडा तोंडात टाकला आणि थुंकून हसायला लागली. "आत्याबाई, पापडखार घातलाव व्हय? आता ह्याला उन्हात वाळवा आन् तळा!" मीही हसले. पोरगीही हसली. मला वाटलं, मिटलं. सुनेनं सोडा आणला, वेळ थोडा होता, मी पुन्हा पीठ घ्यायला वाकले, तर पोरीनं माझं मनगट धरलं.

"तू नको आज्जी. तू लांब बसून सांग. मी करती."

"अगं, पापडखारानं झालं ते."

"ते पण हाय. आन् हात पण."

नऊ वर्षांची पोर, माय. अजिबात रागानं नाही, माझी काळजी घेतल्यासारखं म्हणाली. आणि मी लांब जाऊन बसले. सांगत गेले, ती करत गेली. केक असा फुगला की भांड्याच्या काठापर्यंत आला.

शेजारच्या बाया ओवाळायला आल्या. पोरीनं सुरी धरली आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "ह्याला आज्जीनं हात न्हाई लावला, म्हणून चांगला झालाय." मला वाटलं आता कुणीतरी तिला दटावेल. पलीकडची अक्का म्हणाली, "शहाणी हाय गं तुमची पोर. सांगावं लागंना." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेनं तेवढं माझ्याकडं बघून मान खाली घातली. माझ्या हातात केकचा तुकडा आला. मऊ होता, गोड होता, आणि एका घासावर मी तो बाजूला ठेवला.

तुला एक विचारायचं होतं. तू ते मनापासून मानायचीस का? की माझ्यासारखंच, तोंडात होतं म्हणून बोलायचीस? तू मानत असशील तर मला तुझी कीव येते. मानत नसशील, तर त्याचा मला जास्त धक्का बसेल.

आज पोरगी शाळेतून आली तेव्हा मी पुन्हा कुकर ठेवला. काही सण नाही, कुणाचा वाढदिवस नाही. मैदा मी चाळला, सोडा मी घातला, घोटलं मी. तिला म्हणाले, तू काही करू नकोस, नुसतं बघ. ती उंबऱ्यावर बसून माझ्या हातांकडं टक लावून बघत राहिली. केक फुगला तर ती विसरेल, कदाचित. बसला तर ती ते सासरी घेऊन जाईल, आणि मग तिला कुणी कितीही पुस्तकं दिली तरी काही उपयोग नाही. एका केकवर एवढं टाकायला नको होतं, हे मला कळतं. पण मी टाकून बसले.

गॅस बंद केला आणि हे लिहायला घेतलं. कुठं पाठवायचं ते तुलाही माहीत नाही, मलाही. पोरगी मघापासून विचारायली, "आज्जी, उघड की." मी तिला म्हणाले, थंड होऊ दे.

कुकर कधीचा थंड झालाय, माय.