पाचव्या चाकाचा हिरवा थर

४ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या गाडीची चाकं अंगणात सोलतेय, हसू नकोस. रिमूव्हर फासला की रंग सायीसारखा सुरकुततो, मग तो खरवडून तारेच्या ब्रशने घासायचं. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर नाही लावला, तर सकाळी गंज हजर! आई खिडकीतून म्हणते, एवढं लक्ष स्वयंपाकात घातलं असतंस तर!

शेडमध्ये पाचवं चाकही सापडलं. तू एकोणीस वर्षांचा असताना तुटलेलं. आईचा पाय मोडला त्या अपघातातलं. बाबांनी ते का ठेवलं असेल? आता विचारणार तरी कुणाला! कुतूहलाने तेही सोललं. वर पांढरा रंग, त्याखाली हिरवा, आणि हिरव्याच्याही खाली वेल्डिंगचा जोड. चाक नेमकं त्या जोडातच तुटलंय.

वेल्डरला दाखवलं. तो म्हणाला, वेल्डिंगने रंग जळतो, म्हणजे हिरवा नंतरचा. आणि हिरवा तर बाबांनीच मारला होता, आपण ब्रश धुवत होतो! अपघाताच्या वेळी गाडी चाकांसकट पांढरी होती. म्हणजे चाक कमजोर आहे हे बाबांना आधीपासून ठाऊक होतं. तरी सव्वीस वर्षं घरात ‘पोरानं दामटली’ एवढंच चाललं, आणि तू पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाहीस.

की मला हवं तेच मी वाचतेय? आईला सांगू?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्यानेच वाचलं. आधी बाबांचा राग आला, मग तुझा. कशाला खरवडायला गेलीस? पण ऐक. त्या दिवशी मी गाडी खरंच दामटली होती. चाकाचं मला माहीत नव्हतं, वेग मात्र माझाच. आईला सांगायचं तर दोन्ही सांग. एक गाळून दुसरं नको.

आहे तसाच जीव लावत राहा.
दादा

१६ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही सांगितलं. आई जोडावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, वेगाचं काय सांगतेस, मागच्या सीटवरून काट्याकडे मीच बघत होते. तिला मजा येत होती, दादा! तिनेच तुला ‘दामट अजून थोडी’ म्हटलं होतं. वाऱ्यात तुला ऐकूच गेलं नसावं. बाबांसमोर हे कबूल करायची तिला लाज वाटली, आणि मग ते राहूनच गेलं.

चारही चाकं प्रायमर लागून वाळताहेत. आधी लायसन्सचं बघ, मग ये. गाडी तूच चालवायचीस, असा आईचा हुकूम आहे. हळू चालव, असं मात्र ती म्हणालेली नाही.

लोभ होता तेवढा पुरत नाही, वाढव.
तुझी धाकटी