फीडरची पाचवी जागा

२ मार्च, सकाळी ७
परसात बर्ड फीडर टांगला. रविवारी नात येणार. शाळेच्या वहीत पाच पक्ष्यांची निरीक्षणं लिहायचीत. फोनवर म्हणालो, पाच काय, पन्नास दाखवतो! तिच्या दुसऱ्या आजोबांकडे फिश टँक आहे. कोंडलेले मासे काय, कोणीही दाखवेल.

७.२०
एकही नाही.

३ मार्च
जागा चुकली होती. फीडर कुंपणाला लावला. ठराव: खिडकीत तासभर हलायचं नाही. अकरा मिनिटं बसलो. मग दाणे सारखे करायला उठलो. मग पाण्याची थाळी तिरकी वाटली म्हणून. मग चष्मा पुसायला.

४ मार्च
तिसरी जागा. शिवाय पाखरांना साद हवी! चौथीत मास्तरांनी मला बाकावर उभं करून पाखरांची कविता म्हणायला लावली होती. काय दिवस ते! तीच आज खिडकीतून खड्या आवाजात म्हटली. तारेवरच्या दोन चिमण्या भारावून उडाल्या. ही म्हणाली, अहो, आधी त्यांना जेवू तरी द्या. हिला काव्याचं अंग नाही.

५ मार्च
चौथी जागा. शेजारीण विचारत होती, काका, रोज घर बदललं तर पाहुण्यांना पत्ता कसा सापडायचा? हसण्यावारी नेलं. खरा रसिक शोधत येतो. एक कावळा तिसऱ्या कडव्यापर्यंत टिकला.

७ मार्च
पाचवी जागा, खिडकीसमोरच. नातीचा फोन. पक्षी नसतील तर मासेही चालतील, असं बाई म्हणाल्यात. तिकडे जाऊ का? छातीत धस्स झालं. पित्त असावं. म्हणालो, आजोबांचा शब्द आहे, इकडेच ये.

८ मार्च, सकाळी १०
नात खिडकीत, पेन्सिल हातात. ती म्हणते, मी सात वेळा उठलो. माझ्या मते पाच. दुसरं कडवं रंगात आलं आणि हिने मला दूध आणायला पिटाळलं. दूध घरात आहे. मी स्वतः पाहिलंय.

११.३०
परतलो तर वही भरलेली! चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, कबुतर, एक पिवळ्या पोटाचा. आठवडाभराची साद अखेर पोचली! नात पुढच्या रविवारीही इकडेच येणार. फिश टँक चीत!

दुपारी १
ती जेवत असताना वही चाळली. ‘पक्षी कधी येतात?’ यापुढे लिहिलंय: आजोबा दूध आणायला गेले की.
अक्षर सुरेख आहे. माझ्यावर गेलंय.

९ मार्च, सकाळी ७
घरात दुधाच्या तीन पिशव्या आहेत. आणायला निघतोय.