अठरा क्रमांकाचा बिल्ला

रविवार, दि. २ मार्च

या वहीचा मालक मी. नाव मुखपृष्ठावर लिहिले आहे, त्याची पुनरुक्ती नको. वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, गोदामांतील मालाचा तपासनीस. उद्देश: किनाऱ्यावरची चार गावे कमीत कमी खर्चात, पायी पाहणे आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत घर गाठणे. गुरुवारी आमची मुलगी दोन वर्षांनी परदेशातून येत आहे. दार मीच उघडणार, असा मी तिला शब्द दिला आहे.

निघताना सौ. म्हणाली की, पन्नाशी उलटल्यावर विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेताय, निदान नांगी तरी सांभाळा. सॅक बरोबर नऊ किलो भरली आहे.

पहिल्या गावात दुपारी दोनला पोहोचलो. पथिकनिवास स्वच्छ आहे: सहा खाटा, हिरवी रंगवलेली खिडकी, तिच्याखाली थेट समुद्र. मन इतके प्रसन्न झाले की बूट काढण्याआधीच खिडकीशी जाऊन उभा राहिलो. व्यवस्थापक निवृत्त खलाशी आहेत. सगळे त्यांना कप्तान म्हणतात.

एकच अडचण आली. दोन वर्षांपूर्वी या वाटेवर कडा ढासळला आणि एक एकटा वाटसरू नाहीसा झाला. तो गेला हे सांगायलाही कोणी नव्हते. तेव्हापासून एकट्याला वाट बंद. दोघांनी निघायचे, प्रत्येकाला एक पितळी बिल्ला मिळतो, तो पुढच्या गावच्या फळीवर टांगायचा आणि सकाळी परत घ्यायचा. शेवटच्या गावी बिल्ले जमा करायचे. एकच आला, तर त्याने दुसऱ्याच्या नोंदीवर रेघ मारून ‘मागे राहिला’ असे लिहायचे आणि सही करायची. कप्तान हसत म्हणाले, इथे नावगाव कोण बघतो साहेब, बिल्ला तोच माणूस.

वर्षभर आखलेला बेत असा मोडणे मला मंजूर नव्हते. मी नोंदवहीत माझ्या नावाखाली लिहिले: ‘सोबती, मागाहून येत आहे.’ माल नसताना आवक दाखवण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. सतरा क्रमांकाचा बिल्ला गळ्यात घातला, अठरा खिशात ठेवला. फळीवर दोन्ही मीच टांगीन, बिघडले कुठे?

तपासले. (दिवसाचा मजकूर वाचून असे लिहिण्याची माझी जुनी सवय आहे.)

सोमवार, दि. ३ मार्च

अकरा किलोमीटर, चार तास दहा मिनिटे. वाट कड्याच्या कडेने जाते, हवा उत्तम. संपूर्ण वाटेत एकही मनुष्य दिसला नाही.

दुसऱ्या गावचे निवास एक बाई चालवतात. सगळे गाव त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणालो. मी बिल्ले टांगायला फळीपाशी गेलो, तर अठरा क्रमांकाचा बिल्ला आधीच खिळ्यावर होता. ओला. त्याखाली फरशीवर पाण्याचे लहानसे थारोळे साचले होते.

माझा खिसा रिकामा होता. खिशाला बटण आहे आणि ते लावलेले होते.

आत्या म्हणाल्या की तुमचे सोबती तासाभरापूर्वीच आले, बसले आणि पुढे फिरायला गेले. दिसायला अगदी तुमच्यासारखे, पण मूग गिळून बसलेले. चहा घेता का विचारले, तर नुसते माझ्या ओठांकडे बघत राहिले. भावाभावांत भांडण झालंय का, असेही त्यांनी विचारले.

माझा निष्कर्ष असा: कप्तानांनी माझी लबाडी ओळखली आणि धडा शिकवण्यासाठी कोणाला तरी आडवाटेने पाठवले. बिल्ला चोरला गेला असणार. बटण मात्र लावलेले कसे, याचा खुलासा होत नाही. सॅकमधील सर्व वस्तू यादीनुसार जागेवर आहेत.

सौ.ला फोनवर यातले काही सांगितले नाही. ‘खोट्याच्या कपाळी गोटा’ हे तिचे आवडते वाक्य आहे.

तपासले.

मंगळवार, दि. ४ मार्च

सकाळी दोन्ही बिल्ले घेतले. अठरा क्रमांकाचा रुमालात बांधून सॅकच्या तळाशी ठेवला. सतरा गळ्यात.

तिसऱ्या किलोमीटरला ओल्या मातीत पावले दिसली. माझ्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे; त्या पावलांचीही तशीच. मी अजून तिथून गेलो नव्हतो. पावले गावाकडून आलेली नव्हती. कड्याच्या टोकापासून सुरू होत होती. मी ओणवून खाली पाहिले. उभा खडक आणि पाणी.

तिसऱ्या गावचे निवास पाववाल्याच्या भट्टीच्या माडीवर आहे. अठरा क्रमांकाचा बिल्ला फळीवर होता. रुमाल माझ्या सॅकमध्ये होता, गाठ मारलेला.

पाववाला मोठा बोलका. म्हणाला, तुमचे सोबती भारी गमत्ये आहेत हो! मागून येतोय तो जरा हळू चालतो, सांभाळून घ्या त्याला, असं म्हणाले. विंचवाच्या बिऱ्हाडाचा विनोदही सांगितला.

तो विनोद सौ.चा आहे. तो या वहीबाहेर कुठेही नाही.

मग मी पाववाल्याला खरे सांगितले: सोबती असा कोणी नाही, ती माझी खोटी नोंद. त्याचे पीठ मळणारे हात थांबले. तो हळूच म्हणाला, साहेब, कड्यावरून गेला त्याला बिल्ला नव्हता हो. तुम्ही एक मोकळा बिल्ला घेऊन त्याच वाटेने आलात? मग तो परात उचलून आतल्या खोलीत गेला.

सौ.ला फोन केला. ती वैतागली: अहो, सकाळीच तर अर्धा तास बोललात, आता पुन्हा काय? आवाज का असा बसलाय? सकाळी किती छान वाटत होता.

मी सकाळी फोन केलेला नाही.

तपासले. दोनदा.

बुधवार, दि. ५ मार्च, सकाळी सात

तोंड धुऊन आरशात पाहिले. रात्री दोन्ही बिल्ले फळीवर होते; आता माझ्या गळ्यात बिल्ला, त्यावर अठरा. दोरी माझीच, गाठही मीच मारतो तशी. फळीवर एकही बिल्ला नाही. पाववाला सांगतो, सतरा नंबरवाले साहेब उजाडताच गेले. मी म्हणालो, सतरा मी. त्याने गळ्याकडे बोट दाखवले आणि भट्टीचे दार लावून घेतले.

वीस किलोमीटर राहिले. शेवटच्या गावी नोंद दुरुस्त करून घेईन. त्याच्या आधी पोहोचले पाहिजे.

बुधवार, दुपारी पावणेबारा

धावलो. त्याची पावले सतत पुढे. कोरडी होत चाललेली. माझी मात्र –

बुटांत पाणी आहे. मी पाण्यात उतरलेलो नाही.

बुधवार, दुपारी एक

शेवटचे गाव. नोंदवही टेबलावर उघडी आहे. सतरा जमा. अठरासमोर पट्टीने मारलेली सरळ रेघ, ‘मागे राहिला’, आणि सही. सही माझी. खालची तिरकी रेघसुद्धा मी ओढतो तशीच.

कारकूनबाईंना म्हणालो, ही चूक आहे, मी आलोय. त्यांनी वर पाहिले नाही. पुन्हा म्हणालो. त्यांनी खुर्चीखालचे पाणी पाहिले, छत गळतंय की काय असे पुटपुटत पोछा आणला आणि माझ्या पायांवरून फिरवला.

साडेबाराची बस गेली आहे.

घरी फोन लावला. पलीकडे सौ. नुसते हॅलो हॅलो म्हणते. मी ओरडतो. ती कोणाला तरी म्हणाली, समुद्रासारखा आवाज येतोय नुसता.

उद्या गुरुवार. दार –

दार त्याने उघडता कामा नये. मुलीला कळेल. तिला कळलेच पाहिजे, माझी टाच, माझा – वही सॅकमध्ये होती, सॅक कुठे – मग मी हे कशात लिहितो आहे, कोणाच्या हाता–

येथवर तपासले. मजकूर बरोबर आहे. मुलगी वेळेवर आली. दार मीच उघडले. म्हणाली, बाबा, प्रवास तुम्हाला मानवला.

सही: मुखपृष्ठावरील नावाप्रमाणे
स्थळ: घर
गुरुवार, दि. ६ मार्च