हेळव्याने न सांगितलेल्या लेकी

मुंबई,
ता. ११ ऑगस्ट १९४६

तीर्थस्वरूप पद्मावतीआक्कास,

धाकट्या आप्पाण्णाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. जिनाप्पा दाजींना जय जिनेंद्र. त्यांचा गुडघा कसा आहे? सदलग्यात तंबाखूची लावण उरकली का? माझं ठीक चाललंय. खाणावळवाल्याला आमटी शिकवता शिकवता थकलो, एवढंच.

काल केलेली तार मिळाली असेल. शालन पोराला घेऊन माहेरी तुझ्याकडं आलीय, त्याला थंडीताप आहे आणि डॉक्टर नवी गोळी सुरू करणार आहेत, असं तिचं कार्ड आलं. म्हणून 'गोळी देऊ नका' अशी तार केली. दाजी म्हणाले असतील, "मुंबईत बसून ह्येला डाक्तरपेक्षा जास्त कळतंय व्हय?" गोळी का नको, ते तारेत मावणारं नव्हतं. पत्रात तरी मावतंय का बघतो.

मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक घेऊन आलो होतो, ते आठवतं? तुझ्या सोप्यात मांडला आणि अर्धी गल्ली बोटं पुढं करून उभी राहिली. शेजारची राजाबाई म्हणाली, "माझं रगात लई चांगलं हाय, नीट बघ रं." तिच्या तांबड्या पेशींना मी झकास म्हणालो, तर तिनं शेंगा-गूळ आणून दिला. तुझा सहा वर्षांचा नेमू माझ्या खांद्यावर चढून भिंगात डोळा घालायचा. तसं सुख पुढं कुठल्याच प्रयोगशाळेत मिळालं नाही गं.

काहीजणांच्या तांबड्या पेशी औषधानं फुटतात. त्या का फुटतात, यात माझी अठरा वर्षं गेली. हे घराण्यात चालत येतं, एवढं कळलं होतं. मग मी डोकं चालवलं. आपल्याकडं वंशावळ सांगावी ती हेळव्यानं! नंदीवर बसून येणाऱ्या भरमू हेळव्याला जोंधळे घालून चौदा चौदा पिढ्या उतरवून घेतल्या. सहा वर्षं त्या वह्या चाळल्या, धागा लागेना. हेळवी बाप, आज्जा, पणजा सांगतो. लेकी त्याच्या वंशावळीत नसतातच. आणि हे दुखणं चालतं लेकींमधून. घरातल्या बाईला विचारावं, हे या शहाण्याला सुचलं नाही. शेवटी आईला विचारलं, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझा थोरला भाऊ थंडीतापात काळी लघवी हून गेला की. मावशीचा ल्योक बी."

आक्का, मुलगा की मुलगी हे ठरवणारी सूत्रं शरीरात असतात. बाईकडं एका जातीची दोन; एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. मुलाला त्यातलं एकच मिळतं, तेही आईकडून. बिघाड त्यातच असावा, असं मला वाटतं. पुरता पुरावा अजून नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ती गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. नेमूची झाली होती, तशी.

आता लिहितोच. अठरा वर्षांपूर्वी नेमूच्या तापात मी मुंबईहून आणून तुझ्या हातून दुधात दिली, ती ताकदीची गोळी नव्हती. हेच औषध होतं, तेव्हा नुकतंच निघालेलं. मला शहाणपणा मिरवायचा होता.

आणि तू चातुर्मासात त्याला चोरून भाजलेलं रताळं दिलं होतंस. वर्ज्य कंदमूळ चारलंस म्हणून पोर गेलं, असा सासूबाईंनी बोल लावला. तू माझा हात धरून म्हणालीस, "आप्पू, म्याच मारलं रं माझ्या लेकराला." तेव्हा मला गोळीचा नुसता संशय होता, पण तोही बोललो नाही. दोन वर्षांपासून तर खात्रीच आहे. तू मात्र अजून दर चतुर्दशीला पाणीसुद्धा न घेता राहतेस.

रताळ्यानं काही झालं नाही, आक्का. ते खाताना तो हसला होता.

बिघाड तुझ्याकडून शालनकडं गेला असेल. त्यात तुझा काय गुन्हा? माझ्याही अंगात तो आहे. हे पत्र डॉक्टरांना दाखव, दाजींना वाचून दाखव. माझी लाज राखत बसू नकोस. पोराला साधं क्विनीन द्या म्हणावं.

येत्या चतुर्दशीला तू जेवलीस, एवढं एका ओळीचं कार्ड शालनकडून टाकव. नाही आलं तरी मी समजेन.

नेमूला ती गोळी देणारा, तुझा भाऊ,
आप्पाण्णा