सारखाच डाग

प्रिय कारभारणीस, सप्रेम नमस्कार.

तपासणी पार पडली. खरा खर्च विचारशील तर लग्नातली अंगठी गेली. त्या चुंबकाच्या यंत्रात धातू चालत नाही आणि साबण लावूनही ती निघेना, म्हणून कापावी लागली. बाकी मी ठणठणीत आहे.

शेजारच्या पलंगावर आपलीच भाषा बोलणारा टॅक्सीवाला आहे. एमआरआयच्या फोटोत आम्हा दोघांच्या मेंदूत अगदी सारखा डाग दिसला. मग त्याच यंत्राने डागातली रसायनं मोजून आलेख काढला. आत पू आहे की गाठ, ते म्हणे डोकं न उघडता त्यावरून ओळखतात. त्याचा पू निघाला, औषधांनी जाईल. माझी गाठ निघाली. पुढच्या पंधरवड्यात काढतील.

लेकाच्याचा फार हेवा वाटतो. वर त्याची बायको उशाशी बसून संत्री सोलते. मी म्हटलं, "वहिनी, आलेख बदलून घेता का?"

"भावोजी, त्यापेक्षा संत्रं घ्या."

थोरलीचा खोकला थांबला का? तू यायची घाई करू नकोस. पण येणार असलीस तर ऑपरेशनच्या आधी ये.

तुझाच,
घरधनी

ता. क. अक्षर वहिनींचं आहे. माझ्या उजव्या हातात पेन टिकत नाही.