हिल्डला लिहिलेलं पत्र

ओबरटाल, टिरोल
१२ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस,
झुमराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या आलुबुखारांची पिशवी पोचली. पिशवी सीमेवर कुणीतरी उघडून पाहिली असणार, कारण गाठ तुझ्या हातची नव्हती. चार-पाच आलुबुखार त्या शिपायाने खाल्ले असतील तर खाऊ देत, त्याचं घरही लांब असेल.

इथलं काम जमू लागलंय. चौदा खोल्या, चौदा पलंग, आणि पलंगावर पिसांच्या एवढ्या फुगीर रजया की झटकताना मीच आत बुडते. भाषेचं मात्र अवघड आहे. पहिल्या आठवड्यात मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हसून निरोपाचा शब्द म्हणत होते. एक जोडपं तर बॅगा घेऊन परत बसथांब्याकडे निघालं. मालकीण बुर्गीबाई धावत जाऊन त्यांना घेऊन आल्या. मला वाटलं, आता माझीच बॅग बाहेर येणार, पण त्या स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसल्या. परवा दुधाचा कॅन घेऊन घसरगाडीवरून डेअरीकडे निघाले होते, ती वळलीच नाही. पाद्रीबाबांच्या कुंपणात मी, आणि कॅन माझ्या पुढे. दूध सांडलं नाही, ते आधी सांगते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. वरच्या मजल्यावर बुर्गीबाईंचे सासरे आहेत, अलोइस आजोबा. वर्षापूर्वी पडले, तेव्हापासून खाली उतरत नाहीत. त्यांचं जेवणखाण माझ्याकडे दिलंय. पहिल्या दिवशी त्यांनी मी कुठली ते विचारलं. मी आपल्या देशाचं नाव सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, सुपाची वाटी लोटून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर बुर्गीबाईंनी सांगितलं की त्यांचा थोरला मुलगा फ्रान्झ मागच्या महायुद्धात आपल्याकडच्या डोंगरात मेला. आणि मग मुलीने, हिल्डने, तुझ्या-माझ्या देशातल्या एका रेल्वेवाल्याशी लग्न केलं. पंधरा वर्षं झाली, या घरात तिचं नाव निघत नाही. मीही ते कधी काढायचं नाही, असं बुर्गीबाईंनी दोनदा बजावलं.

बाबो आपल्या या धाकट्या लेकीबद्दल काही बोलतात का? निघताना ते स्टँडवर आले नाहीत, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. माया असू दे.

तुझी,
झुमरा

---

पोड्लिप्ये
२५ नोव्हेंबर १९७३

चि. झुमरा हिस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी चुलीपाशी मोठ्याने वाचलं. बाबो दंताळ्याचे दात ठोकत बसले होते. घसरगाडीचा भाग आला तेव्हा हातोडा थांबला. वाचून झाल्यावर म्हणाले, ठोकण्यात ऐकू आलं नाही, ते कुंपणाचं पुन्हा वाच. मी वाचलं. ते हसले नाहीत, पण त्या संध्याकाळी गाईला शिव्या घातल्या नाहीत. एवढ्यावर तू समज.

तुझ्याबद्दल विचारतात असं म्हणणार नाही. टिरोलमध्ये बर्फ किती पडतो, असं विचारतात. तिथे लाकूड कुठलं जाळतात, असं विचारतात. तू जिथे आहेस त्या सगळ्याची चौकशी होते, फक्त तुझी नाही. तो हट्ट कुठून आला ते तुला ठाऊक आहे, तुझ्यातही पुरेसा उतरलाय.

त्या म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस. आपल्यासारखी कॉफी करून दे, पितळेच्या भांड्यात, फेस न मोडता. प्यायला तर प्यायला. पण त्यांच्या घरातल्या भानगडींत पडू नकोस. तुझा कामाचा परवाना त्या बाईंच्या हातात आहे. मूग गिळून राहायला मीच तुला शिकवलंय, ते विसरू नकोस.

पायांत दोन मोजे घाल. ताईची आठवण ठेव.

रमिझा

---

ओबरटाल
३ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉफीने काम केलं. पहिले तीन दिवस आजोबांनी कप तसाच परत पाठवला. चौथ्या दिवशी कप रिकामा आला. आता तर दुपारचे तीन वाजले की काठीने जमीन ठोकतात. मला त्यांच्या बोलीतले शब्द शिकवतात, मी चुकले की स्वतःशी खुसखुसतात. मी एकदा विचारलं, माझ्या हातचं आता कसं चालतं? म्हणाले, तुझ्या वयाच्या पोरीने माझा मुलगा मारला नाही, हे समजायला मला तीस वर्षं लागली. मग बराच वेळ खोकत राहिले.

ताई, आता जे लिहिते त्यावर मला तुझा सल्ला हवा आहे. काल त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि हिल्डला पत्र लिहून घेतलं. त्यांचा हात इतका थरथरतो की कागदावर नुसत्या रेघा उठतात. मला जर्मन लिहिता कुठे येतं? ते बोलले ते जसं कानाला ऐकू आलं, तसं मी आपल्या स्पेलिंगमध्ये उतरवलं. पत्रात काय आहे ते तुला सांगत नाही, ते त्यांचं आहे. पत्ता त्यांच्याकडे प्रार्थनेच्या पुस्तकात होता, फिलाखचा, नाताळच्या एका जुन्या कार्डावर. म्हणजे ती कार्डं पाठवत होती, आणि ते ठेवत होते.

पत्र माझ्या ट्रंकेत आहे. पोस्टाची पेटी रस्त्यापलीकडेच आहे. पण बुर्गीबाईंना कळलं तर? इथे टपाल देणारा, घेणारा, सगळे त्यांच्या नात्यातले. परवाना गेला तर मी कुठे जाऊ? आणि परत आले तर बाबो काय म्हणतील, तेही कळत नाही.

लवकर लिही. प्रेम कमी करू नकोस.

झुमरा

---

पोड्लिप्ये
९ फेब्रुवारी १९७४

चि. झुमरास,
अ. उ. आ.

हे पत्र मिळताच मी लिहायला बसले आहे, म्हणून अक्षर असं.

ते पत्र टाकू नकोस. पंधरा वर्षांचं भांडण तू, चार महिन्यांपूर्वी तिथे गेलेल्या पोरीने, मिटवायचं नसतं. उद्या ती मुलगी आली, भांडणं झाली, तर खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल. म्हाताऱ्या माणसांचं मन आज असं, उद्या तसं. त्यांना सांग, टाकलं. थोडे दिवस गेले की विसरतील. उन्हाळ्यापर्यंत तुझा परवाना वाढला, मग बघ काय करायचं ते.

बाबो बरे आहेत. गुडघा दुखतो. दूध भरपूर पी, आणि माझं ऐक.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

---

ओबरटाल
२८ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबा गेले. शुक्रवारी, बावीस तारखेला, पहाटे. मी सकाळी शेगडी पेटवायला गेले तेव्हा बुर्गीबाई त्यांच्या पायांशी बसून होत्या.

तू सांगितलंस तसंच मी केलं. त्यांना म्हटलं, टाकलं पत्र. त्यांनी माझा हात थोपटला. मग रोज विचारायचे, आलं का काही? मी म्हणायचे, नाही. त्यांनी मला त्यांची खुर्ची खिडकीशी सरकवायला लावली. दुपारची बस येते ती तिथून दिसते. बस आली की उतरणारी माणसं मोजायचे. एकदा निळ्या कोटातली एक बाई उतरली, तेव्हा उठायला लागले आणि मला म्हणाले, केस विंचर माझे. ती बाई बेकरीत गेली. मी केस विंचरतच राहिले, काय करू?

ताई, त्या दिवसानंतर माझ्याने राहवलं नाही. वीस तारखेला पत्र टाकलं. दोन दिवसांनी ते गेले. सोमवारी माती दिली. मंगळवारी दुपारच्या बसमधून हिल्ड उतरली.

तिला काहीच माहीत नव्हतं. हातात संत्र्यांची जाळी होती. मीच दार उघडलं. तिने विचारलं, बाबा वर आहेत का? मागून बुर्गीबाई आल्या आणि त्यांनी सांगितलं. हिल्ड रडली नाही. संत्री टेबलावर ठेवली आणि पाकीट काढून मला तारीख दाखवली. आत पत्रावर दोन फेब्रुवारी, पाकिटावर पोस्टाचा शिक्का वीसचा. तिने विचारलं, मधे हे कुठे होतं? मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, माझ्या ट्रंकेत.

ती म्हणाली, “फिलाखहून इथे यायला मला सहा तास लागले.”

एवढंच. संध्याकाळच्या बसने गेली.

मी बुर्गीबाईंपुढे उभी राहिले, म्हटलं, मला काढून टाका. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, तिचं नाव काढायचं नाही हा नियम सासऱ्यांचा होता, माझा नव्हे. मी पंधरा वर्षं त्यांच्यासाठी तो पाळला. ते एकदा स्वतःहून बोलावतील म्हणून मी वाट बघत होते. ते न बोलावताच गेले, म्हणून मातीलाही तिला कळवलं नाही. “मला विचारलं असतंस, तर मीच त्या दिवशी टेलिफोन केला असता.”

ताई, मी त्यांना विचारलंच नाही. मी पोड्लिप्येला विचारलं.

मला काढलेलं नाही. काम करते आहे. तीन वाजले की कॉफी ठेवते आणि मग ओतून देते.

झुमरा

---

पोड्लिप्ये
९ मार्च १९७४

चि. झुमरा,
आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू?

तुझं पत्र मी दोन दिवस उशीखाली ठेवलं. बाबोंना वाचून दाखवलं नाही. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, तर मीही तेच केल्यासारखं होईल.

फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, ज्यात तू सल्ला मागितलास, ते मी बाबोंना वाचून दाखवलं होतं. सगळं. हिल्डचं, त्या कार्डांचं, बाबो काय म्हणतील ते कळत नाही हेही. ऐकून त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, “तिला लिही, आजच्या आज टाक म्हणावं. परवाना गेला तर जाऊ दे. घर आहे.” आणि उठून बाहेर गेले.

मी ते लिहिलं नाही. मी बसले आणि माझंच लिहिलं, आणि सल्ला जणू घरचा असल्यासारखा दिला. का, ते सांगते. तुझी नोकरी जाईल ही भीती होती, ते खरं. पण तेवढंच नव्हतं. बाबो घर आहे असं तुझ्यासाठी म्हणाले. आई गेल्यापासून मी इथे आहे, चूल, गाय, त्यांचा गुडघा, सगळं मी बघते, मला ते कधी कुणी म्हटलं नाही. मला वाटलं, ही चार महिने बर्फात घसरते आणि हिच्यासाठी दार उघडं. एका रात्रीचा राग होता. सकाळी पत्र टाकलं आणि राग संपला. मग मागाहून लिहून ते दुरुस्त करावं एवढी हिंमत झाली नाही.

त्या म्हाताऱ्याचे अठरा दिवस तू एकटीने आपल्या अंगावर घेऊ नकोस. त्यातले निम्मे माझे.

काल बाबोंना सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ती मुलगी परत गेली का? मी म्हटलं, गेली.

तुला वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

रमिझा

---

ओबरटाल
२५ मार्च १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रागावले. दहा दिवस लिहिलं नाही ते त्यामुळेच. आता राग गेला असं म्हणणार नाही, पण लिहावंसं वाटलं. नियम मोडायला घाबरले ती मी होते, आणि पेटी रस्त्यापलीकडे होती. तुझं तुझ्याकडे राहू दे, माझं माझ्याकडे.

काल आजोबांच्या महिन्याची प्रार्थना होती. बुर्गीबाईंनी स्वतः टेलिफोन करून हिल्डला बोलावलं. ती नवऱ्याला घेऊन आली. यान्को त्याचं नाव, पलीकडचाच, आपल्यासारखंच बोलतो. जेवणं झाल्यावर हिल्ड स्वयंपाकघरात आली. मी भांडी घासत होते. तिने ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली की तिला यातलं तिचं नाव आणि ये, एवढंच कळलं होतं. तेवढ्यावर ती निघाली होती. बाकीचं तिला लागत नाही, यान्कोलाही लागत नाही. माझं स्पेलिंग तसलं! तिने विचारलं, वाचून दाखवशील का?

आम्ही वरच्या खोलीत गेलो. मी हात पुसले. ताई, मी ते शब्द कानाने लिहिले होते, म्हणून वाचताना ते त्यांच्याच बोलीत निघाले, त्यांच्यासारखे आखूड, मधे थांबत. पहिल्याच ओळीला हिल्डने तोंडावर हात ठेवला.

“हिल्ड, मी अलोइस. आता जिने उतरवत नाहीत. इथे एक तिकडची पोर आहे, ती मला कॉफी देते, आणि ती वाईट नाही. मग तुझा माणूसही वाईट नसेल. हे मला आधी कळायला हवं होतं. फ्रान्झ गेला तो कुणामुळे गेला ते मला माहीत नाही, तुझ्यामुळे नाही गेला. तू ये. त्यालाही आण. मी रागावणार नाही, मला तेवढा दमच नाही. लवकर ये.”

तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी यान्को दारात येऊन उभा राहिला, त्याच्या मागे बुर्गीबाई. त्यालाही आण, एवढं वाचून मी थांबले, आणि उरलेलं हिल्डनेच पूर्ण केलं, वडिलांच्या आवाजात.

जाताना तिने मला माफ केलं असं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. बसमध्ये चढताना यान्कोने मागे वळून आपल्या भाषेत विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, बाबा आणि बहीण. तो म्हणाला, मग इथे काय करतेस, जाऊन ये.

बुर्गीबाईंनी आठ दिवसांची रजा दिली आहे. सहा एप्रिलला शनिवारी दुपारी पोचेन. बाबोंना सांगू नकोस असं लिहिणार होते. पण नाही. आज सांग. हे पत्र हातात पडेल त्याच क्षणी सांग.

तुम्हा दोघांच्या मायेवर हक्क सांगणारी,
झुमरा