दुसऱ्या ओळीनंतरचं थांबणं

मंगळवार, संध्याकाळ. कुडवा.

कॉलेजची जुनी पायपेटी आज दुरुस्त झाली. नवीन पायडल बसवून आमगावचे मिस्त्री खुशीत म्हणाले, "आता एकट्याले वाजवता येते, मॅडम. कोणी लागत नाही."

कोणी लागत नाही!

पायडल मोडल्यापासून आमच्या शिपाई देवकाबाई खाली बसून हाताने भाता दाबायच्या. कॉलेजगीताच्या दुसऱ्या ओळीनंतर त्या हात बदलायच्या, तेवढं मी थांबायचे. पुढे ते थांबणं चालीतलंच झालं. त्या वारल्या आणि पेटी बंद पडली.

आज वाजवलं. दुसऱ्या ओळीनंतर माझी बोटं थांबली, गाणाऱ्या पोरीही थांबल्या.

"काऊन थांबले सारे? हवा तर भरपूर आहे," मिस्त्री म्हणाले.

देवकाबाईंचं नाव ओठांवर आलं होतं. म्हटलं, चालच तशी आहे.